जहाजावरचा खर्च : कार्ड द्यावे की रोकड ठेवावी?

आमच्या कापडधंद्यात अलीकडे एक नवी रीत पडली आहे. वर्षाचा ठरलेला माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला मिलवाले पूर्वी चांदीचे ताट नाहीतर भिंतीवरचे घड्याळ देत. आता ते त्याला सहलीला पाठवतात. बँकॉक झाले, दुबई झाली, आता समुद्रातील प्रवासी जहाज, ज्याला क्रूझ म्हणतात, त्याची पाळी आली आहे. २०२३ च्या डिसेंबरात अशाच एका सहलीत आम्ही उभयता सिंगापूरहून चार रात्रींसाठी जहाजावर गेलो. बरोबर भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीकडचे वीस-बावीस व्यापारी होते, कोणी बायकामुलांसह, कोणी एकटे. जहाजाचे भाडे कंपनीने भरले होते. वरखर्च मात्र ज्याचा त्याचा. हा वरखर्च चुकता करण्याच्या पद्धतीतून आमच्याबरोबरच्या एका भाईसाहेबांवर असा प्रसंग आला की ते परदेशात असताना इकडे त्यांनी सूतवाल्याला दिलेला चेक परत गेला. बाजारात चेक परत जाणे म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

असा प्रसंग दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून जहाजावर पैशाचा व्यवहार कसा चालतो आणि त्यात रोकड ठेवण्याची सोय कशी असते, ते येथे सांगत आहोत. ही सोय जवळपास सगळ्या मोठ्या कंपन्यांकडे आहे, पण कोणी आपणहून सांगत नाही.

जहाजावर नोट चालत नाही

पहिली गोष्ट अशी की जहाजावरच्या दुकानात किंवा कॉफीच्या काउंटरवर खिशातून नोट काढून दिली तर घेत नाहीत. चढताना प्रत्येक प्रवाशाला एक प्लास्टिकचे कार्ड मिळते. रॉयल कॅरिबियन कंपनी त्याला सीपास म्हणते, कार्निव्हल कंपनी सेल अँड साइन म्हणते, कोस्टाच्या जहाजांवर ते कोस्टा कार्ड. प्रिन्सेस कंपनीने तर २०१७ पासून कार्डाऐवजी गळ्यात किंवा मनगटावर घालायचे नाण्याएवढे पदक आणले. नाव काही असो, काम एकच. तीच खोलीची किल्ली, तेच बंदरावर उतरता-चढताना दाखवायचे ओळखपत्र, आणि तीच उधारीची वही. तुम्ही पाण्याची बाटली घेतली की ती तुमच्या नावे लिहिली जाते आणि शेवटच्या रात्री सगळ्याचा एक हिशोब होतो. (जुगाराच्या खोलीत मात्र नोटा बिनदिक्कत चालतात. तो आपला विषय नाही.)

आता कोणताही दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकाला उधार देताना काहीतरी आधार मागणारच. जहाजाची कंपनी दोनपैकी एक आधार मागते. एकतर बँकेचे क्रेडिट किंवा डेबिट कार्ड नोंदवा, नाहीतर रोकड अनामत ठेवा.

पण भाडे भरल्यावर खर्च कसला, असे कोणी विचारेल. आम्हीही विचारले होते. खोली, मोठ्या भोजनगृहातील जेवण, चहा आणि साधे पाणी भाड्यात येते. बाटलीबंद पाणी, सरबत, मशीनची कॉफी, इंटरनेट, कपडे धुणे, फोटो, बंदरावरची सहल, डॉक्टर, हे सगळे वेगळे. त्यातील खाण्यापिण्याच्या बहुतेक वस्तूंवर १८ टक्के किंवा त्याहून अधिक सेवाशुल्क आपोआप चढते. आणि सर्वांत मोठी रक्कम अशी आहे की जी तुम्ही काहीही न घेता लागते. खोली साफ करणारा, जेवण वाढणारा यांच्यासाठी माणशी रोज साधारण १६ ते २० डॉलर खात्यावर पडतात. यालाच ग्रॅच्युइटी म्हणतात. चार माणसांच्या कुटुंबाला चार रात्रींत ही रक्कम अडीचशे डॉलरच्या वर जाते. हे पैसे एजंटामार्फत आधीच भरता येतात, आणि रोकड ठेवणाऱ्याने ते आधी भरलेले बरे. जहाजावर नेण्याची रोकड तेवढी कमी होते.

कार्ड दिल्यावर काय होते

कार्ड नोंदवणे म्हणजे आमच्या भाषेत सही केलेला कोरा चेक देणे. रक्कम शेवटी भरायची. दरम्यान कंपनीला खात्री हवी असते की पैसे मिळतील, म्हणून ती बँकेला कळवून काही रक्कम अडवून ठेवते. याला बँकवाले होल्ड म्हणतात. पहिल्या दिवशी एक ठरावीक रक्कम अडते. खर्च वाढत गेला की आणखी अडते. क्रेडिट कार्ड असेल तर उधारीची मर्यादा तेवढी कमी होते, खिशातले काही जात नाही. डेबिट कार्ड असेल तर मात्र तुमच्या खात्यातील तुमचेच पैसे बांधले जातात. खात्यावर दिसतात, पण वापरता येत नाहीत.

भाईसाहेबांनी नेमके चालू खात्याचे डेबिट कार्ड दिले. क्रेडिट कार्ड ते बाळगत नाहीत. त्यांचे म्हणणे, सुदाच्या वाटेला जायचेच नाही. चौघांचे कुटुंब, मुलगा एकोणीस वर्षांचा. चौघांची जहाजी कार्डे बापाच्या खात्याला जोडलेली. मुलाने इंटरनेट घेतले, मशीनवरचे गेम खेळले, नव्या दोस्तांना आइस्क्रीम खिलवले. शेवटी बिल झाले ६१० डॉलर. त्या वेळी डॉलर ८३ रुपयांच्या थोडा वर होता, म्हणजे ५१ हजारांच्या आसपास, आणि बँकेचे परदेशी व्यवहाराचे शुल्क धरून ५३ हजार.

खात्यात तीन लाख दहा हजार होते. सूतवाल्याचा चेक दोन लाख पंचवीस हजारांचा. उरतात ८५ हजार. सहलीचा खर्च ५३ हजार. हिशोब सरळ होता, आम्हीही असाच केला असता. पण चार दिवसांत होल्ड मिळून ५४ हजार अडले होते. जहाज सिंगापूरला लागले त्या दिवशी अंतिम बिलाचे ५३ हजार वेगळे वजा झाले, आणि जुने होल्ड सुटले नाहीत. होल्ड सोडण्याचे काम बँकेचे, त्याला तिच्या नियमाने काही दिवस लागतात. म्हणजे एकाच खर्चासाठी दोनदा पैसे गुंतले. वापरण्याजोगे उरले दोन लाख तीन हजार. दुसऱ्याच दिवशी चेक लागला आणि २२ हजार कमी पडले म्हणून परत गेला.

भाईसाहेब तेव्हा सिंगापुरात मुस्तफाच्या दुकानात सामान घेत होते. मोबाइलवर निरोप आला. त्यांनी तिथूनच भावाला सांगून दुसऱ्या दिवशी पैसे आरटीजीएस केले. नोटिशीची वेळ आली नाही. सूतवाला भला माणूस, तोंडाने काही बोलला नाही. पण पुढच्या मालाला ४५ दिवसांऐवजी ३० दिवसांची मुदत लावली. अडकलेले ५४ हजार आठव्या दिवशी मोकळे झाले, मुदत अजून ३० चीच आहे.

यात जहाजाच्या कंपनीने काही फसवले असे आम्ही म्हणणार नाही. होल्डची गोष्ट बारीक अक्षरात लिहिलेली होती. बँकेनेही नियमच पाळला. पण व्यापाऱ्याच्या चालू खात्यात रोज चेक येत-जात असतात, आणि अशा खात्याचे कार्ड चार दिवस परक्याच्या हाती देणे बरे नव्हे, एवढे निश्चित. डेबिट कार्ड द्यायचेच असेल तर असे खाते निवडावे की ज्यावर चेक फाडलेले नाहीत, आणि खर्चाच्या दुप्पट रक्कम त्यात ठेवावी. शिवाय २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डाचा परदेशातील वापर आपणच सुरू करून घ्यावा लागतो. आमच्या गटातील दोघांची कार्डे याच कारणाने काउंटरवर चालली नाहीत.

क्रेडिट कार्डाचेही थोडे सांगतो. ते डेबिट कार्डापेक्षा येथे सुरक्षित आहे, हे मान्य केले पाहिजे. बिल चुकीचे निघाले तर बँकेकडे तक्रार नोंदवून रक्कम थांबवता येते. पण बऱ्याच भारतीय कार्डांवर परदेशी चलनाच्या खर्चावर साडेतीन टक्क्यांपर्यंत शुल्क आणि त्यावर जीएसटी लागतो. मुदतीत पूर्ण रक्कम भरली नाही तर महिन्याला तीन ते पावणेचार टक्के व्याज चढते. वर्षाचा आकडा वाचकांनीच काढावा. मुदतीच्या आत पैसे भरून व्याज लागूच न देणारे पुष्कळ आहेत. ते जायज की कसे, हा आलिमांचा विषय, त्यात आम्ही पडत नाही. जहाजवाले किंवा परदेशी दुकानदार बिल रुपयांत करू का, असे विचारतात तेव्हा मात्र नाही म्हणावे. तो भाव त्यांचा असतो, आणि बहुधा महाग पडतो.

आम्ही रोकड कशी ठेवली

आम्ही जुन्या वळणाचे. रोजमेळात रोकड जुळल्याशिवाय दुकानाला कुलूप लावत नाही. तेव्हा एजंटाने कार्ड मागितले तेव्हाच आम्ही विचारले, रोख चालेल का? तो म्हणाला, बहुतेक नाही. हे खरे नव्हते. इंटरनेटवरून चेक-इन करताना बहुतेक ठिकाणी रोखीचा पर्याय असतो. तेथे दिसला नाही तर तो रकाना सोडावा आणि जहाजावर चढल्यावर गेस्ट सर्व्हिसेस नावाच्या काउंटरवर जावे. पूर्वी याच काउंटरला पर्सरचे ऑफिस म्हणत.

पहिल्या दुपारी तेथे भली मोठी रांग असते. आम्ही रात्री जेवण करून गेलो, पाच मिनिटांत काम झाले. पासपोर्ट आणि दोघांची जहाजी कार्डे दाखवली, ४०० डॉलर मोजून दिले, पावती घेतली. मुलीने नोटा मशीनमध्ये तपासल्या. एका नोटेच्या कडेला शाईचा शिक्का होता, ती परत केली आणि दुसरी मागितली. तेव्हा घरूनच स्वच्छ, न फाटलेल्या नोटा न्याव्यात. कार्निव्हल आणि कोस्टाच्या जहाजांवर हे काम मशीनवरही होते, रांगेची गरज पडत नाही.

रोकड खात्याचा नियम आडतीच्या बयाण्यासारखा आहे. जमा असेल तेवढाच माल. रक्कम संपली की कार्ड खर्च घेत नाही, पुन्हा भरली की घेते. खोलीचे दार उघडते, जेवण मिळते, त्यात काही अडत नाही. फक्त वरखर्च थांबतो. आमच्या मते हाच याचा सर्वांत मोठा फायदा आहे. घरातील प्रत्येकाला कळते की आज किती उरले. मुलांच्या कार्डावर खर्च बंद ठेवायचा किंवा ठरावीक रकमेपर्यंतच ठेवायचा, अशी विनंतीही त्याच काउंटरवर करता येते. भाईसाहेबांना हे ठाऊक नव्हते.

आमचा चार दिवसांचा हिशोब असा झाला. दोघांची ग्रॅच्युइटी माणशी रोज १६ प्रमाणे १२८ डॉलर. एका फोनचे इंटरनेट ७२. एक फोटो २५, तोही नको होता, पण घरातून हुकूम झाला. कॉफी, सरबत आणि पाणी, सेवाशुल्क धरून ३१. एकूण २५६. दुसऱ्या दिवशी आम्ही काउंटरवर छापील हिशोब मागितला, तर आम्ही न घेतलेली एक सरबताची नोंद निघाली. शेजारच्या टेबलाची होती. त्यांनी लगेच काढून टाकली. शेवटच्या दिवशी हे सांगितले असते तर रांगेत अर्धा तास गेला असता. रोकड ठेवा की कार्ड द्या, हिशोब रोज पाहावा. खोलीतील टीव्हीवर किंवा फोनवरही तो दिसतो.

एक मात्र लक्षात ठेवावे. जहाजाचे कार्ड बंदरावर चालत नाही. पेनांगला उतरलो तेव्हा रिक्षावाल्याला आणि चहावाल्याला मलेशियाचे रिंगिटच हवे होते. तेथील धक्क्यापासून कपितान केलिंग मशीद चालत जाण्याइतकी जवळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातून गेलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांनी ती बांधली. आमचे बाटिकचे दर विचारून झाले, जोहर झाली, आणि खिशात रिंगिट असल्याने काही अडले नाही. डॉलर सगळे जहाजावर अनामत ठेवून मोकळ्या खिशाने उतरणे चूक ठरले असते.

रोकडीची तकलीफ

रोकडीत सगळे गोड आहे असे नाही. आमच्यातील एका वयस्कर हाजीसाहेबांनी आमचे पाहून २०० डॉलर ठेवले. दुसऱ्या रात्री समुद्र थोडा खवळला, त्यांना उलट्या सुरू झाल्या, रात्री दोन वाजता जहाजाच्या डॉक्टरकडे नेले. डॉक्टरची फी, इंजेक्शन आणि औषध मिळून १६५ डॉलर खात्यावर पडले. ग्रॅच्युइटीही रोज पडत होतीच. सकाळी ते बरे होऊन कॉफी घ्यायला गेले तर कार्ड नाकारले. मागे रांगेत आपलेच व्यापारी उभे. हाजीसाहेब दोन दिवस त्या काउंटरकडे फिरकले नाहीत. पैसे होते, खोलीतल्या तिजोरीत होते. पण चारचौघांत कार्ड नाकारले जाण्याची शरम वेगळी.

जहाजावरील डॉक्टर महाग असतो आणि विमा असला तरी पैसे आधी आपण भरायचे, मग घरी येऊन विमा कंपनीकडे मागायचे. त्यासाठी मूळ बिल आणि डॉक्टरचा कागद जपून ठेवावा लागतो. उलटीवर १६५ निघाले, तर हाड मोडले किंवा छातीत दुखले तर काय होईल याचा विचार करावा. तेव्हा रोकड ठेवणाऱ्यानेही एखादे कार्ड खिशात राखीव असू द्यावे. ते नोंदवायचे नाही, म्हणजे होल्डही लागत नाही. अडचण आली तर त्या वेळी काउंटरवर द्यायचे. आम्ही असेच केले होते.

चोरीची भीतीही आहे. रोकड गेली की गेली, कार्ड निदान बंद करता येते. खोलीत छोटी तिजोरी असते, तिचा आकडा आपणच ठरवायचा. आम्ही अनामत ठेवून उरलेले डॉलर आणि पासपोर्ट तीतच ठेवले.

बँका जे आगाऊ पैसे भरलेले फॉरेक्स कार्ड देतात, ते मधला मार्ग म्हणून बरे वाटते. बंदरावर खरेदीला ते उपयोगी आहे. पण जहाजाच्या खात्याला नोंदवले तर होल्डचा तोच खेळ होतो. त्या कार्डावरील डॉलर अडकतात आणि सुटायला तेवढेच दिवस लागतात.

डॉलर कोठून, किती

रोकड न्यायची तर ती कायद्याने न्यावी. परवानाधारक मनी चेंजर किंवा बँक यांच्याकडूनच घ्यावी आणि पावती पासपोर्टबरोबर ठेवावी. बहुतेक देशांसाठी एका खेपेला माणशी ३००० अमेरिकन डॉलरपर्यंतच नोटा मिळतात, बाकीचे कार्डाच्या रूपाने. हज-उमऱ्याच्या प्रवाशांना नोटांची ही मर्यादा वेगळी आणि सैल असते. ती येथे लावू नये. ५० हजार रुपयांपर्यंतचे डॉलर रोख रुपये देऊन घेता येतात, त्यावर चेक किंवा बँकेमार्फत पैसे द्यावे लागतात. भारतीय रुपये २५ हजारांपर्यंत बरोबर नेता-आणता येतात, पण जहाजावर त्यांचा उपयोग नाही. गल्लीत दोन रुपये कमी दराने डॉलर देणारे भेटतात. त्यांच्याकडून घेऊ नयेत. पावती नसते, नोट खोटी निघाली तर विचारायला तोंड नसते, आणि परकीय चलनाचा कायदा वेगळा मागे लागतो.

कोणत्या देशाचे डॉलर, हेही आधी विचारावे. सिंगापूरहून सुटणाऱ्या काही जहाजांचे खाते अमेरिकन डॉलरमध्ये चालते, काहींचे सिंगापुरी. युरोपकडे युरो. चुकीचे चलन घेऊन गेलात तर जहाजावर बदलून मिळते, पण त्यांच्या भावाने. २०२१ च्या सप्टेंबरपासून मुंबईहून गोव्याकडे कॉर्डेलिया कंपनीचे जहाज जाऊ लागले. मुंबई-गोव्यासारख्या आपल्याच किनाऱ्याच्या फेरीत परकीय चलनाची ही भानगड येत नाही. होल्डचा प्रश्न मात्र डेबिट कार्ड देणाऱ्याला कोठेही विचारलाच पाहिजे.

आणि कंपनीने दिलेली सहल पूर्ण फुकट असते असे समजू नये. जुलै २०२२ पासून व्यवसायात मिळालेल्या २० हजार रुपयांवरच्या अशा भेटीवर १० टक्के टीडीएस कापण्याचा नियम झाला. आमच्याकडून कंपनीने ती रक्कम आधीच भरून घेतली, आणि सहलीची किंमत वर्षाच्या उत्पन्नात दाखवावी लागली. जाण्यापूर्वी आपल्या हिशोबनिसाला एकदा विचारून घ्यावे.

शेवटची सकाळ

कार्डवाल्याचे बिल आपोआप वजा होते, तो दात घासून खाली उतरतो. रोकडवाल्याला उरलेले पैसे मागून घ्यावे लागतात. सकाळी त्या काउंटरवर पहिल्या दिवसापेक्षा मोठी रांग असते, आणि विमानाची वेळ गाठायची असते. उतरून गेल्यावर आठवण झाली तर काही कंपन्या पत्त्यावर डॉलरचा चेक पाठवतात. असा चेक आपल्या बँकेत वटवायला कित्येक आठवडे लागतात आणि बँकेचे शुल्क कापून हाती फार थोडे येते. तीस-चाळीस डॉलरसाठी तर तो न वटवलेलाच बरा.

म्हणून आम्ही शेवटच्या रात्री दहा वाजता शेवटची कॉफी घेतली, त्यानंतर दोघांनी कार्डाला हात लावला नाही. अकराच्या सुमारास काउंटरवर जाऊन विचारले, खाते आता बंद करता येईल का? मुलगी म्हणाली, दुकाने बंद झाल्यावर पहाटे हिशोब छापला जातो, सकाळी सहाला या. सहाला गेलो तेव्हा आमच्या पुढे फक्त सात माणसे होती. साडेसातला तीच रांग जिन्यापर्यंत गेलेली पाहिली. छापील हिशोब घेतला, २५६ जुळले, १४४ डॉलर परत मिळाले. वीसच्या सात नोटा आणि एकच्या चार. तेथेच मोजल्या.

घरी आल्यावर नोटांच्या रूपात २००० डॉलरपर्यंत स्वतःजवळ ठेवता येतात, त्याहून अधिक असतील तर १८० दिवसांच्या आत परवानाधारकाला विकाव्या लागतात. आमच्याकडे मिळून तीनशेच्या आत उरले होते. हाजीसाहेबांनी विम्याचा दावा लावला, कागद पुरे असल्याने महिन्याभरात पैसे आले. भाईसाहेब पुढच्या डिसेंबरात पुन्हा सहलीला निघाले तेव्हा त्यांनी आदल्या आठवड्यात दुकानावर येऊन आमच्याकडून काउंटरचे नाव एका चिठ्ठीवर लिहून नेले.